जे उघडून दुरुस्त करता येत नाही, ते बांधकाम अर्धवट

तुळई (चर्चाप्रस्ताव)

जुना लाकडी पूल दिसला की लोक त्याच्या वयाचं कौतुक करतात. मला त्यातलं वय सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं. छत असलेल्या लाकडी पुलाच्या टोकाला, जिथे कैची (पुलाचा भार पेलणारा त्रिकोणी जोडणीचा सांगाडा) काठावरच्या दगडी अबटमेंटवर, म्हणजे आधारभिंतीवर, टेकते, तिथे वाकून बघा. बऱ्याच पुलांत कैचीचं लाकूड थेट दगडावर नसतं, मध्ये जाड आडवे ओंडके सारलेले असतात. दगडातली ओल आधी ते ओंडके पितात आणि आधी कुजतातही तेच. पूल जॅकवर जरासा उचलायचा, कुजका ओंडका ओढून काढायचा, नवा सारायचा आणि पूल खाली टेकवायचा. कैचीला हातही लागत नाही. आपलं काम कुजणार हे त्या सुतारानं पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं, आणि ते कुठून कुजावं हेही त्यानंच ठरवलं होतं.

छताचंही तेच. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून छत कैचीसाठी. ते प्रवाशांच्या सोयीसाठी होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो: बर्फाळ मुलखात हिवाळ्यात याच छताखाली माणसं लावून बर्फ पसरावा लागे, नाहीतर घसरगाड्या अडायच्या.

१८४० च्या हाउ कैचीत (विल्यम हाउची रचना) उभे दांडे लोखंडी सळ्यांचे, टोकाला नट. लाकूड वाळून सांधे ढिले पडले की पाना घेऊन जायचं आणि आवळायचं.

आता उपग्रहांकडे या. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला उडाली तेव्हा तिच्यात ३४४ जागा अशा होत्या, की त्यातली एखादी फसली असती तर मोहीमच धोक्यात आली असती. सगळं सुरळीत उलगडलं, टाळ्या झाल्या, आणि आता तोच अभियांत्रिकीचा कळस म्हणून मिरवला जातो. मला ही जुगार जिंकल्यावर जुगाराला नियोजन म्हणण्यातली गत वाटते.

माझं म्हणणं: दुरुस्तीची सोय ही चैन नाही, तो डिझाइनचा पाया आहे. जी वस्तू उघडता येत नाही ती बांधणाऱ्यानं ‘माझं चुकणार नाही’ हे गृहीत धरलेलं असतं, आणि ते गृहीतक आजवर कोणालाच पेललेलं नाही. विरोधी मतांचं स्वागत. ‘जुनं ते सोनं’ असं मी म्हटलेलं नाही, तेव्हा कृपया त्याला उत्तर देऊ नका.

कक्षाभ्रमण

साफ असहमत.

तुळईराव, तुम्ही उभे राहिलेले पूल बघताय. जे जळले, कुजले, पुरात गेले त्यांची मोजदाद कोण करतंय? स्विस सुतार ग्रुबेनमाननं शाफहाउझनला ऱ्हाइनवर १७५८ मध्ये पुरा केलेला लाकडी पूल त्या काळचा चमत्कार होता. दोन गाळे, दोन्ही पन्नास मीटरच्या वर. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्यानं तो पेटवला आणि विषय संपला. ल्युसर्नचा चॅपल पूल चौदाव्या शतकातला म्हणून दाखवतात, पण त्याचा बराचसा भाग ऑगस्ट १९९३ च्या आगीनंतर नव्यानं उभारलेला आहे.

शिवाय सुतारानं सोय ठेवली ती सगळी दूरदृष्टी नव्हती. कैचीच्या कोणत्या दांड्यावर किती जोर येतो हे मांडायची रीतसर पद्धत अमेरिकेत स्क्वायर व्हिपलनं १८४७ मध्ये छापली. तोवर अनुभव, अंदाज आणि चार तुळया जास्तीच्या. हिशेब येत नव्हता म्हणून बदलता येईल असं बांधलं, यात कमीपणा काही नाही, पण त्याचं तत्त्वज्ञान करू नका.

आणि वजन! पुलाला जास्तीचं लाकूड झेपतं. उपग्रहाच्या सांगाड्याला सुरक्षांक, म्हणजे लागेल त्याच्या किती पट ताकद धरायची तो आकडा, मिळतो साधारण १.२५ ते १.४. प्रत्येक झाकण, बिजागरी, कडी हे वजन तर आहेच, शिवाय अडकू शकेल अशी आणखी एक जागा. म्हणून तिथे खात्री आधी करून घेतात: कंपन-टेबलावर गदगदा हलवणं, निर्वात कक्षात गोठवणं, तापवणं, रॉकेटच्या आवाजाइतक्या आवाजाचा मारा करणं. २०१८ मध्ये अशाच आवाजाच्या चाचणीनंतर वेबच्या सनशील्डच्या (ऊन अडवणाऱ्या पडद्याच्या) आवरणाचे स्क्रू आणि वॉशर निखळून पडलेले सापडले. जमिनीवर सापडले, जमिनीवरच ते काम पुन्हा झालं. ही दुरुस्तीच आहे, फक्त उड्डाणाआधी केलेली.

तुळई

चाचणीवर एवढा भरवसा? ब्रुकलिन पुलाच्या केबलच्या तारांची चाचणी होतच होती. कंत्राटदार पास झालेली तार दाखवायचा आणि वाटेत नापास तार गाडीत चढवायचा. १८७८ मध्ये ते उघडकीला आलं तोवर ती तार केबलमध्ये गुंफली गेलेली, काढणं अशक्य. पूल वाचला तो चाचणीमुळे नाही. मुख्य अभियंता रोबलिंगनं लागेल त्याच्या सहापट ताकद धरली होती, ती पाचपटीवर आली असा हिशेब करून प्रत्येक केबलमध्ये दीडशे तारा वाढवल्या आणि काम पुढे नेलं. १८८३ पासून पूल वापरात आहे.

१.४ च्या सुरक्षांकात असल्या लबाडीला जागा कुठे आहे?

आणि हबल अंतराळ दुर्बिणीचं काय? आरसा चुकीचा घासला गेला होता, कडेला २.२ मायक्रोमीटरनं जास्त सपाट. १९९० मध्ये वर गेल्यावर कळलं. डिसेंबर १९९३ मध्ये माणसं जाऊन ती सरळ करून आली, कारण हबलला पहिल्यापासून पकडायला दांडे होते आणि उपकरणं खणासारखी बाहेर काढता येत होती. वेबवर हेच झालं असतं तर?

वाचनमात्र

दोन्ही बाजू वाचतोय. चालू द्या.

कक्षाभ्रमण

हबलचं उदाहरण येणार हे माहीतच होतं.

ती चूक का झाली ते बघू. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरनं चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या गेलेल्या उपकरणांनी ‘काहीतरी चुकतंय’ असं दाखवलं होतं, ते बाजूला सारलं गेलं. जमिनीवर सापडलेली चूक जमिनीवरच दुर्लक्षित झाली. तुम्ही त्यातून काढलेला धडा ‘वर जाऊन दुरुस्त करता यायला हवं’, मी काढलेला धडा ‘दोन मापं जुळत नसतील तर पुढे जाऊ नका’. वेबचं झालं तेच: उड्डाणाची तारीख वर्षानुवर्षं पुढे गेली, पण आरसा अचूक निघाला.

आता दुरुस्तीची किंमत. पैशाची नाही, कामाची. हबल अंतराळवीरांना नेणाऱ्या शटल यानाच्या टप्प्यात राहावी म्हणून पृथ्वीच्या अगदी जवळच्या कक्षेत ठेवली. तिथे ती साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारते आणि दर फेरीत पृथ्वी मध्ये येऊन बहुतेक लक्ष्यं झाकून टाकते. वेबला अवरक्त किरण बघायचे होते, त्यासाठी ती स्वतः कडाक्याची थंड हवी, म्हणून १५ लाख किलोमीटरवर नेली. हाताच्या अंतरावर ठेवली असती तर जे बघायला पाठवली तेच दिसलं नसतं. पुलाला असा पेच कधी पडत नाही. पूल असतो तिथे माणूस जातोच, त्यासाठीच तर तो बांधतात.

गंजलेला बोल्ट

मी पुलांच्या तपासणी-देखभालीत काम करतो, तेव्हा थोडं खाली उतरून बोलतो. तुम्ही दोघंही ‘दुरुस्ती’वर भांडताय. त्याच्या आधीची पायरी आहे ‘दिसणं’.

ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज, १९२८ चा. झुलत्या पुलाची साखळी आयबारची, म्हणजे दोन्ही टोकांना भोक असलेल्या लांब पोलादी पट्ट्या, पिननं एकमेकींत अडकवलेल्या. प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या. १५ डिसेंबर १९६७ ला ३३० नंबरच्या आयबारच्या भोकाच्या कडेला असलेली अडीच मिलिमीटरच्या आसपास खोलीची भेग पुढे सरकली, पट्टी तुटली, दुसरी एकटी पिनवर टिकली नाही आणि अख्खा पूल नदीत. ४६ माणसं गेली. भेग पिनेच्या आड होती, सांधा सुटा केल्याशिवाय दिसलीच नसती. आणि उभ्या पुलाचा तो सांधा सुटा करायचा कसा?

जिनोआचा मोरांडी पूल, १४ ऑगस्ट २०१८, ४३ मृत्यू. तिरक्या पोलादी केबल गंजू नयेत म्हणून काँक्रीटमध्ये मढवल्या होत्या. कल्पना चांगली. पण आत गंज चढला तर बाहेरून पत्ता लागत नाही. त्याच पुलाच्या एका मनोऱ्याला १९९० च्या दशकात बाहेरून जादा केबल लावल्या होत्या. पडला तो दुसरा मनोरा.

तुळईराव, या दोन्हींत दुरुस्तीची सोय नव्हती हे तुमच्या बाजूनं आहे. पण नुसती सोय असून भागत नाही. रबराची बेअरिंग (गर्डरखालच्या, पुलाची हालचाल सोसणाऱ्या गाद्या) पुलापेक्षा खूप आधी म्हातारी होतात, हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि ड्रॉइंगवरही ‘बदलता येण्याजोगं’ अशी टीप असते. एका कामावर बेअरिंग बदलायला गेलो तर गर्डर (पुलाची मुख्य तुळई) आणि पिअर कॅप (खांबाचा माथा) यांच्यामध्ये जॅक घालायला जागाच नाही. हात जाईल, जॅक जाणार नाही. बेअरिंग बदलता येतं, फक्त आधी पूल पाडावा लागेल असा मामला. शेवटी पिअरला बाहेरून पोलादी ब्रॅकेट जोडून त्यावर जॅक उभे केले. मूळ कामापेक्षा तयारी मोठी. डिझाइन करणाऱ्यानं ड्रॉइंगवर एक वीत जागा जास्त सोडली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं.

खडूस_सुतार

‘हात जाईल, जॅक जाणार नाही’ हे वाक्य अभ्यासक्रमात घाला.

एकपानी

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. तिसरा मार्ग आहे: दुरुस्त करूच नका, ठरावीक काळानं नवं बांधा.

जपानमधला इवाकुनीचा किंताइ पूल, पाच गाळ्यांचा, मधल्या तीन लाकडी कमानी. १६७३ मध्ये बांधला आणि पुढच्याच वर्षी पुरात गेला. दगडी खांब पक्के करून लगेच पुन्हा उभारला. त्यानंतर कमानी ठरावीक वर्षांनी उतरवून नव्या चढवायच्या अशी शिस्तच लावली. असं करत तो पूल १९५० च्या वादळी पुरापर्यंत टिकला, १९५३ मध्ये पुन्हा झाला, २००१ ते २००४ मध्ये परत सगळ्या कमानी नव्या. आज त्यात सतराव्या शतकातलं लाकूड नाही, पण सांधा जोडणारे हात प्रत्येक पिढीत तयार होत गेले. (‘एकही खिळा नाही’ ही पर्यटकांना सांगायची गोष्ट. लोखंडी पट्टे आणि कड्या आहेत.)

आता इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांचं जाळं, स्टारलिंक, बघा. एकेका उपग्रहाचं आयुष्य पाचेक वर्षं धरलेलं, बिघडला तर खाली आणून जाळायचा, नवा पाठवायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळामुळे वरचं वातावरण फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी जवळपास ४० उपग्रह गमावले. जाळं मात्र चालू राहिलं. हा किंताइचाच हिशेब आहे. तुळईरावांचा ओंडका इथे अख्खा उपग्रह झाला, इतकंच.

तुळई

एकपानी, मुद्दा आवडला पण पटला नाही. किंताइची उतरवलेली कमान नदीकाठी कुजली तरी कोणाच्या डोक्यावर पडत नाही. कक्षेत मेलेली वस्तू तिथेच फिरत राहते. व्हॅनगार्ड-१ उपग्रह मार्च १९५८ मध्ये सोडला, १९६४ मध्ये गप्प झाला, अजून वर आहे. एन्व्हिसॅट आठ टनांचा, एप्रिल २०१२ मध्ये संपर्क तुटला, तसाच फिरतोय. १० फेब्रुवारी २००९ ला बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ चालू इरिडियम-३३ वर आदळला आणि माग काढता येतील असे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. ‘नवं बांधा’ म्हणायला जुनं आधी उतरवता यावं लागतं.

एकपानी

म्हणूनच तर खालच्या कक्षेत ठेवतात. तिथे इंजिन मेलं तरी हवेच्या घर्षणानं काही वर्षांत आपोआप खाली येतो. एन्व्हिसॅटची उंची आठशे किलोमीटरच्या जवळ आहे, दोन्हींची तुलना होत नाही.

खडूस_सुतार

अवांतर: नोव्हेंबर २०२४ मध्ये लिग्नोसॅट नावाचा लाकडी उपग्रह अंतराळ स्थानकात गेला आणि डिसेंबरमध्ये तिथून सोडला. क्योतो विद्यापीठ आणि एका जपानी लाकूड कंपनीचा. दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा, मॅग्नोलियाचं लाकूड, भिंती पारंपरिक खाच-कुसवाच्या सांध्यानं जोडलेल्या, स्क्रू नाही, सरस नाही. निर्वातात ओल नाही, बुरशी नाही, लाकूड कुजणार कशानं? परत येताना जळून जावा, ॲल्युमिनियमची भुकटी वातावरणात राहू नये, हा हेतू. तेव्हा पूल आणि उपग्रह यांच्यामधली भिंत सुतारानंच पाडलेली आहे.

वाचनमात्र

एक प्रश्न. व्हॉयेजर यानाला कोणीच हात लावू शकत नाही, तरी तो परवापरवा दुरुस्त केला ना? मग तो कोणाच्या बाजूनं धरायचा?

कक्षाभ्रमण

माझ्या! १९७७ मध्ये निघालेलं यान. नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर-१ चा संदेश येत होता पण त्यात अर्थ नव्हता. माहिती बांधून पाठवणाऱ्या संगणकातली मेमरीची एक चिप गेली होती आणि तिथला कोड वाचता येत नव्हता. २४ अब्ज किलोमीटर अंतर, एक आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. तो कोड एकसंध मावेल इतकी मोकळी जागा दुसरीकडे नव्हती. मग त्याचे तुकडे केले, तुकडे वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले आणि एकमेकांचे पत्ते नव्यानं जुळवले. १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा पाठवला, २० तारखेला यानाची प्रकृती पुन्हा वाचता आली. पाना नाही, जॅक नाही.

तुळई

कक्षाताई, हे तर माझ्या बाजूचं उदाहरण आहे. मेमरीत वरून लिहिता येण्याची मुभा ठेवली होती म्हणूनच हे जमलं. तो कोड कायमचा कोरून टाकला असता तर वजन वाचलं असतं, वीज वाचली असती, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये यान संपलं असतं. मी ‘उघडता येणं’ म्हणतो ते हेच. पान्यानंच उघडलं पाहिजे असा माझा हट्ट नाही.

कक्षाभ्रमण

मग व्याख्या बदलली की! पहिल्या पोस्टमध्ये वेब ‘जुगार’ होती. तिचंही सॉफ्टवेअर खालून बदलता येतं. १८ आरशांपैकी प्रत्येक तुकडा मोटरनं अंशमात्र सरकवून जुळवला तो वर गेल्यावरच. हबलसारखी आकाराची गडबड झाली असती तर ती काही प्रमाणात तशीच सावरता आली असती. तुमच्या नव्या व्याख्येनं वेबही उघडता येते.

तुळई

आरसा सावरता आला असता, सनशील्ड नाही. १०७ खिट्ट्या सुटल्या म्हणून पाच थर पसरले. एक अडकली असती तर कोणतं सॉफ्टवेअर तिला लाथ मारणार होतं?

गंजलेला बोल्ट

‘दुरुस्तीसाठी केलेलं’ आणि ‘न केलेलं’ यातली रेघ तुम्हाला वाटते तितकी सरळ नाही. मे २००९ मध्ये हबलवरचा एक वर्णपटमापक दुरुस्त करायचा होता. अख्खं उपकरण खणासारखं बाहेर येतं, पण आतलं कार्ड वर कोणी बदलेल असं धरलेलंच नव्हतं. झाकणाला शंभरावर बारीक स्क्रू. एक जरी तरंगत दुर्बिणीत गेला तर संपलं. म्हणून आधी झाकणावर एक पारदर्शक पट्टी बसवायची, तिच्या भोकांतून स्क्रू काढायचे म्हणजे सुटलेले त्याच पट्टीत अडकतात. ती पट्टी बसवायला आधी एक पकडदांडा काढायचा होता, चार बोल्टचा. तीन निघाले, चौथ्याचं डोकं झिजलं. सगळ्या सरावात त्या बोल्टकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. शेवटी अंतराळवीरानं दांडा हातानं ओढून तोडला आणि मग ते शंभर स्क्रू नेमानं काढले.

मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला, आमच्याकडेही नेहमी चौथाच बोल्ट.

एकपानी

याच ओघात इंटेलसॅट-९०१ घ्या. २००१ चा दळणवळण उपग्रह, इंधन संपत आलेलं, बाकी सगळं ठणठणीत. २५ फेब्रुवारी २०२० ला एमईव्ही-१ नावाचं यान त्याला जाऊन चिकटलं. पकडायला कडी नव्हती, म्हणून त्याच्या मोठ्या इंजिनाच्या नॉझलमध्ये दांडा घालून आतून पकड घेतली आणि त्याला ढकलत पुन्हा कामाच्या जागी आणलं. सोय न ठेवता दुरुस्ती झाली. तुळईराव?

तुळई

चांगलं उदाहरण, पण पुढचं वाचा. त्या उपग्रहात इंधन का नाही भरलं? कारण इंधनाचे व्हॉल्व्ह उड्डाणाआधी बंद करून, टोप्या घालून, वरून उष्णतारोधक पांघरूण घातलेलं असतं. वर ते उघडायची सोयच नसते. म्हणून एमईव्हीला स्वतःच त्याच्या पाठीला चिकटून स्वतःचं इंधन जाळत राहावं लागलं, वर्षानुवर्षं. व्हॉल्व्ह उघडता आला असता तर टाकी भरून ते पुढच्या उपग्रहाकडे गेलं असतं.

कक्षाभ्रमण

टोप्या हौसेनं घालत नाहीत. तो व्हॉल्व्ह पंधरा वर्षांत एकदा जरी गळला तर उपग्रह तिथेच संपतो, आणि इंधन भरायला कोणी येईल याची शाश्वती १९९० च्या दशकात डिझाइन करताना शून्य होती. आता येणारी यानं आहेत, तर नवे व्हॉल्व्ह करा, माझी ना नाही. पण त्या गळतीची चाचणी करून दाखवल्याशिवाय मी तो माझ्या उपग्रहावर बसवू देणार नाही.

तुळई

चाचणी करा, हवी तितकी करा. व्हॉल्व्ह मात्र बसवा.